हयातीचा दाखला: यंत्राला पाच, माणसाला तीन

नोव्हेंबर लागला की वहिनींचा हयातीचा दाखला काढायचं काम माझ्याकडं. थोरला भाऊ १९९९ ला कारगिलच्या लढाईत गेला. मी स्वतः २०१४ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो, त्यामुळं घरातले फौजी कागद मीच बघतो. यंदा बँकेची रांग टाळून बाजारपेठेतल्या एका सेवा केंद्रात गेलो. नाव लिहीत नाही, पोरगं कष्टाळू आहे.

भांगलून भांगलून वहिनींच्या बोटांवर रेषा राहिल्या नाहीत. अंगठा पाच वेळा लावला, फडक्यानं पुसून लावला, मशीन काही घेईना. मग पोरानं मोबाईल काढला, चेहऱ्यावरनं करू म्हणाला. पदर कपाळावरनं मागं घ्यायला लावला आणि म्हणाला, "काकू, पापण्या मिटा-उघडा." वहिनी हसायला लागल्या. "आजवर फोटोला डोळं मिटू नका म्हणायचे, हे मिटा म्हणतंय!" दोन मिनिटांत जीवन प्रमाणचा, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्याचा, कागद हातात. पन्नास रुपये. इथवर पाचपैकी पाच.

दोन तारे कापले ते पुढच्यासाठी. वहिनींनी पेन्शनची स्लिपही काढून मागितली. आकडा बघून पोरगं म्हणतं, "काकू, तुम्हाला जास्त पडतंय. फॅमिली पेन्शन तीस टक्के असते. पुढं वसुली निघंल." वहिनींचा चेहराच उतरला.

अरे बाबा, शेवटच्या पगाराच्या तीस टक्के ती साधी. ड्युटीवर असताना ड्युटीमुळं मृत्यू आला तर स्पेशल, ती साठ टक्के. लढाईत गेलेल्याच्या घरी लिबरलाइज्ड मिळते, म्हणजे शेवटचा पगार पूर्ण, वर महागाई. पीपीओतली, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदातली, ओळ बोट ठेवून दाखवली तेव्हा गप्प झाला. "मला माहीत नव्हतं काका," म्हणाला. तेवढं कबूल केलं म्हणून तीन तरी ठेवले. पण वहिनी एकट्या गेल्या असत्या तर महिनाभर जेवल्या नसत्या.

फौजेच्या पैशाबद्दल गावात असंच चालतं. सियाचीन भत्ता १ जुलै २०१७ पासून वाढला. जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे) महिना १४,००० चे ३०,०००, अफसरांना २१,००० चे ४२,५००. तोही पोस्टिंग तिथं असेपर्यंतच. मी त्याच्या तीन वर्षं आधीच घरी आलेलो. तरी माझी माडी सियाचीनच्या पैशातनं उठली, हे पारावर कधीच ठरलंय. बर्फात पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती कुणी विचारत नाही.

तर दाखला काढायला या केंद्रात खुशाल जा, सकाळी दहाच्या आत, नंतर लाईट जाते. पीपीओची झेरॉक्स पिशवीत असू द्या. स्लिप मात्र घरच्या माणसाकडूनच वाचून घ्या.