यशस्विनी की आयुष्मान?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला खाजगी कंपनीच्या आरोग्य विम्याचा हप्ता ऐकूनच ताप येतो. मग उरतात दोन सरकारी वाटा.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकला हप्ताच नाही. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. मग दुसरीकडे बघायचं कशाला? गोम एपीएल (दारिद्र्यरेषेवरच्या) कार्डात आहे. तिथं सरकार पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, फक्त 30 टक्के देतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकीचे आपल्या खिशातून. शिवाय तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते.

यशस्विनी ही योजना सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी. 2018 मध्ये बंद पडली होती, आता पुन्हा सुरू आहे. ग्रामीण भागात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये, पुढच्या प्रत्येक माणसामागे 100. संरक्षण इथंही 5 लाखांचं. पण नोंदणी ठरलेल्या मुदतीतच होते. ऊसतोडीच्या गडबडीत ती हमखास चुकते.

एपीएलवाल्यानं यशस्विनीच घ्यावी, असं माझं सरळ मत. आणि आपली सवय मिरज-कोल्हापूरकडं धावायची, तेव्हा कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं ते आधी सोसायटीत विचारून ठेवा.