रोमनकालीन ग्रीक नाण्याच्या नावाखाली २३,४८० रुपयांना गंडा

नाण्याचे २४० युरो, पोस्टेजचे १८, मिळून खात्यातून २३,४८० रुपये गेले आणि हातात आला साच्यात ओतलेला तुकडा. सांगायला लाज वाटते, पण तो ऑनलाइन सेलर अजून विकतोय म्हणून सांगतोय.

नाणं पेरिंथसचं. थ्रेस या प्राचीन प्रदेशातलं शहर, आताचं तुर्कस्तानातलं मार्मारा एरेलिसी. एका बाजूला रोमन सम्राट एलागाबालस (इ.स. २१८ ते २२२), मागे टेबलावर बक्षिसाचे दोन मुकुट, अ‍ॅक्टिया आणि पिथिया या खेळांची नावं, आणि 'दोनदा नीओकोरोस', म्हणजे सम्राटाच्या देवळाचा मान आम्हाला दोनदा मिळालाय हे शेजारच्या शहरांना ठणकावून सांगणं. असं नाणं कोणाला नको असेल?

त्याच सेलरच्या आधी विकलेल्या लिस्टिंगमध्ये असंच एक दिसलं होतं. डाव्या मुकुटाखाली टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. माझ्याही नाण्यात तिथेच खड्डा! तेव्हाच थांबायला हवं होतं, राहून राहून तेच आठवतं आणि संताप होतो. पण खरी नाणी ओतीव नसून ठशाने ठोकलेली, त्यामुळे एकाच ठशाची नाणी मिळतातच, मग मला तसं वाटलं तर काय बिघडलं? फक्त ठसा एक असला तरी गंजाचे खड्डे, कडेच्या चिरा, ठसा किती सरकलाय हे दोन नाण्यांत तंतोतंत सारखं येत नाही. आलं तर निदान एक तरी नकली. कडेला कानस मारून साच्याचा सांधा घालवला होता, तो त्याच्या फोटोत दिसणार तरी कसा, फोटो फक्त दोन बाजूंचेच होते. कडेचा फोटो मागाच, टाळाटाळ केली की सोडा. आणि सेलर 'पैसे मित्राला पाठवतोय असं टाका, फी वाचेल' म्हणाला की तिथेच राम राम, त्यात पैसे परत मागायचा हक्कच जातो.

बँक म्हणते ओटीपी तुम्हीच टाकलात, हा फ्रॉड नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेबांनी तक्रार वाचायच्या आधी मलाच विचारलं, पुरातन वस्तू ठेवायचं लायसन आहे का? अहो पुरातन असतं तर आलो कशाला असतो! नकली आहे हीच तर तक्रार आहे. मग सेलर परदेशातला, आमच्या हद्दीत येत नाही, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली तर आठवड्याने 'क्लोज्ड'. एक फोन नाही, एक प्रश्न नाही. २३,४८० ही यांना रक्कमच वाटत नाही.

'रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज' ही अशा रोमन प्रांतांतल्या नाण्यांची यादी, तिची साइट फुकट आहे, विकत घ्यायच्या आधी तिथलं वजन आणि फोटो ताडून बघा. काल तेच नाणं, तोच खड्डा, नव्या नावाने २६० युरोला लागलंय. दिसलं तर लगेच रिपोर्ट करा.