नौपाड्यातील कॅफेत बेसबॉलचा वाद

नौपाड्यातील एका छोट्या कॅफेत रविवारी सकाळी होणाऱ्या क्रीडाचर्चेला मी या महिन्यात प्रथमच गेलो. निवृत्त बेसबॉलपटूंपैकी अमेरिकेतील कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या गौरवदालनात, कोणाला स्थान मिळायला हवे, हा विषय क्रिकेटवर वाढलेल्या ठाणेकरांना कितपत रुचेल, अशी शंका होती. परंतु पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते लागतात आणि खेळाडूचे नाव मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १० वर्षे राहते, हे सूत्रसंचालकांनी फळ्यावर लिहिताच सगळे सरसावून बसले.

खरी रंगत आली ती फलंदाज बॅरी बाँड्सवरून. ७६२ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारूनही उत्तेजकांच्या संशयामुळे २०२२ साली, पत्रकारांच्या मतदानातील अखेरच्या संधीत, त्याला ६६ टक्क्यांवर थांबावे लागले. ‘गौरव खेळाचा करायचा की चारित्र्याचा?’ असे विचारणाऱ्या एका आजोबांच्या चहावर तोवर साय धरली होती. मी बाँड्सच्या बाजूने हात वर केला. ४२५६ हिट्सचा (बेस गाठून देणाऱ्या फटक्यांचा) धनी, पण व्यवस्थापक असताना स्वतःच्याच संघावर पैजा लावणारा पीट रोझ मात्र मला अजूनही पचत नाही.

पिचर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या, मंडळींची बोळवण पाच मिनिटांत झाली, हे खटकले. रॉजर क्लेमेन्सच्या ३५४ विजयांवर स्वतंत्र सत्र रंगले असते. साबुदाणा वडा खुसखुशीत होता, कॉफी मात्र कोमट. खुर्च्या मोजक्याच असल्याने थोडे आधी पोहोचावे.