सॅलमँडरची पट्टिका घेताना: जुनं ओतकाम, नंतरची प्रत की इलेक्ट्रोटाइप?

ज्वाळांमध्ये उभा, मान मागे वळवलेला आणि वर मुकुट असलेला सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) हे फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वा राजाचं (राज्यकाळ १५१५ ते १५४७) चिन्ह. हा प्राणी आगीत जगतो आणि अंगच्या गारव्याने आग विझवतो, अशी जुनी समजूत होती. त्यावरूनच 'पोसतो आणि विझवतो' हे लॅटिन ब्रीद आलं: चांगली आग पोसायची, वाईट विझवायची. १५०४ च्या एका पदकावर हाच सॅलमँडर इटालियन ब्रीदासह दिसतो. तेव्हा फ्रान्स्वा जेमतेम दहा वर्षांचा होता.

तळहाताएवढ्या, उठावाचं चित्र असलेल्या ब्राँझच्या पट्टिकेवर हे चिन्ह विकायला आलं की तीन शक्यता असतात. पट्टिका सोळाव्या शतकातली असेल, तिच्यावरून पुढे कधीतरी साचा काढून ओतलेली प्रत असेल, किंवा एकोणिसाव्या शतकातला इलेक्ट्रोटाइप, म्हणजे विजेच्या साहाय्याने साच्यावर तांबं चढवून केलेली प्रत असेल. किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि फोटोत तिन्ही सारख्याच.

चिन्हावरून काळ ठरवायला जाऊ नका. फ्रान्स्वाने १५१७ मध्ये वसवलेल्या ल आव्र शहराच्या मानचिन्हात सॅलमँडर आजही आहे. गोव्याची जुनी नाणी पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाचं चिन्ह असलेला खगोल-गोल (आकाशातली वर्तुळं दाखवणारा कड्यांचा गोल) १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कने गोव्यात पाडलेल्या नाण्यांवर होता, आणि तोच गोल आज पोर्तुगालच्या झेंड्यावर आहे. राजा गेला तरी त्याचं चिन्ह शतकानुशतकं घडत राहतं.

म्हणून पट्टिका आधी पालथी करा. जुनी पट्टिका मेणाच्या नमुन्यावरून ओतलेली असते. आपल्याकडच्या मूर्तिकारांची मधूच्छिष्ट पद्धत तत्त्वाने हीच. पाठ सहसा ओबडधोबड असते, कधी पुढच्या उठावाला साजेसे खळगेही असतात. पुढच्या बाजूला मात्र ज्वाळांची टोकं, खवले, मुकुटावरची फुलं स्वच्छ उमटलेली हवीत. कडा आणि टांगण्यासाठी भोकं पाडलेली असतील तर तीही शेकडो वर्षं हाताळून गुळगुळीत झालेली असतात, आणि धातूवरचा राप खोलगट भागात एक, उंचवट्यांवर दुसरा दिसतो. सगळीकडे एकसारखा काळपट रंग असेल, तर मी हात आखडता घेतो.

नंतरच्या प्रतीचं मोजमाप तिला उघडं पाडतं. ब्राँझ थंड होताना साधारण एक ते दोन टक्के आकसतं. ६० मिलिमीटरच्या पट्टिकेवरून साचा काढून ओतलेली प्रत ५९ च्या आसपास भरते, आणि त्या प्रतीवरून काढलेली प्रत आणखी लहान. तपशीलही पिढीगणिक बोथट होतो: खवल्यांची नुसती खडबड उरते, ब्रीदाची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. एक अडचण आहे. अशा प्रती सोळाव्या शतकातही निघत होत्या, त्यामुळे लहान माप म्हणजे आधुनिक माल, असं सरसकट म्हणता येत नाही. त्याने एवढंच कळतं की ही पट्टिका मूळ नमुन्यापासून एक-दोन पायऱ्या दूर आहे. किंमत मात्र त्याच हिशेबाने द्यावी.

इलेक्ट्रोटाइप ओळखणं सोपं. विजेच्या साहाय्याने साच्यावर तांब्याचा पातळ थर चढवायचा आणि ते कवच बरेचदा मागून शिशाने भरायचं, ही युक्ती १८३० च्या दशकाअखेरीची. पुढे संग्रहालयांसाठीही अशा प्रती बनल्या. चांदीचा रुपया वाजवून घ्यायचे तशी बोटाच्या टोकावर तोलून हलकेच वाजवा. ओतीव ब्राँझ सहसा खणखणतं, शिसं भरलेला इलेक्ट्रोटाइप बद्द आवाज करतो. कडेला जोडाची रेषही सापडते. इथे आकसण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे तपशील मूळ पट्टिकेइतकाच धारदार.

माझं मत सांगतो. पूर्वीच्या मालकांची साखळी कागदोपत्री असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर जुनं ओतकामच घ्या. ते हातात धरण्याचं सुख वेगळंच. तेवढे पैसे नसतील, तर चांगल्या नमुन्यावरून केलेला इलेक्ट्रोटाइप, तसंच सांगून विकलेला, आनंदाने घ्या. त्यात खवला न् खवला अभ्यासता येतो. 'सोळावं शतक' असं मोघम लिहून मधल्या भावात ठेवलेल्या बोथट प्रतीसाठी मी पैसे घालणार नाही. तीच प्रत 'नंतरचं ओतकाम' म्हणून बेताच्या भावात मिळाली, तर हरकत नाही.

विक्रेत्याकडे पाठीचा आणि कडेचा फोटो, ग्रॅममध्ये वजन आणि दशांश मिलिमीटरपर्यंतचं माप मागा. मग त्याच रचनेची पट्टिका एखाद्या संग्रहालयाच्या सूचीत शोधून दोन्ही मापं शेजारी शेजारी मांडा. विक्रेता पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तो व्यवहार तिथेच सोडा.