आधी प्रेसिंग की आधी पासिंग?

चेंडू समोरच्याच्या अर्ध्यात जाऊन हिसकावायचा (प्रेसिंग) आणि मिळाला की आपल्याकडेच राखायचा (पासिंग), असं फुटबॉल संघाने ठरवलं की प्रशिक्षकापुढचा पहिला पेच क्रमाचा असतो. दोन्ही एकदम शिकवायला गेलं की खेळाडू गोंधळतात. मग हात आधी कशाला घालायचा?

युर्गन क्लॉप ऑक्टोबर 2015 मध्ये प्रशिक्षक म्हणून लिव्हरपूलला आला, तेव्हा मोसम सुरू झाला होता. हाती होता तोच संघ घेऊन त्याने प्रेसिंग बसवलं. प्रीमियर लीगमध्ये आठवं स्थान आलं, पण युरोपा लीगची अंतिम फेरीही गाठली. प्रशिक्षक पेप गार्डिओलाने 2016 मध्ये मँचेस्टर सिटीत पासिंग धरलं आणि पहिला हात घातला तो गोलकीपरला. जो हार्ट गेला, क्लॉडिओ ब्राव्हो आला, तोही रुळला नाही. पहिल्या मोसमात एकही करंडक नाही. 2017 मध्ये एडरसन आला, फुलबॅकही (कडेचे बचावपटू) नवे घेतले आणि 100 गुणांसह लीग जिंकली. म्हणजे हे यश निव्वळ सरावाचं नव्हतं, खरेदीचंही होतं.

प्रेसिंगला पायांतलं कौशल्य साधारण असलं तरी भागतं. दम आणि शिस्त मात्र हवी. इशारे आधी ठरवायचे: सेंटर बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) हळू बॅक पास गेला, फुलबॅकने टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, तोंड करून चेंडू घेतला, कुणाचा पहिला स्पर्श लांब गेला, की सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं. यातलं ‘सगळ्यांनी’ फार महत्त्वाचं. आघाडीचे तिघे धावले आणि बचावफळी मागेच राहिली, तर मधल्या मोकळ्या पट्ट्यात समोरचा मिडफिल्डर निवांत वळतो. बचावफळी पुढे आली तर तिच्या पाठीमागची जागा उघडी पडते. नोव्हेंबर 2023 मध्ये चेल्सीविरुद्ध टॉटनहॅमचे दोघे लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, तरी त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक पोस्टेकोग्लूने बचावफळी मध्यरेषेजवळच ठेवली. घरच्या मैदानावर 1-4 अशी हार. धाडस म्हणा, हट्ट म्हणा. मी हट्ट म्हणेन.

पासिंगचा हिशेब वेगळा. ते समोरचा किती दाब टाकतो त्यावर ठरतं. प्रशिक्षक कोंपनीच्या बर्नलीने 2022-23 मध्ये चॅम्पियनशिप (इंग्लंडची दुसऱ्या श्रेणीची लीग) 101 गुणांनी जिंकली. पासिंगच्या त्याच धाटणीने, जिथे दाब जास्त त्या वरच्या लीगमध्ये गेले आणि 24 गुणांवर घसरले.

तरी पासिंगचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. छोट्या पासेसनी पुढे सरकणारा संघ चेंडू गमावतो तेव्हा त्याचे तीन-चार जण आसपासच असतात, त्यामुळे पहिल्या पाच सेकंदांत चेंडू परत मिळवता येतो. प्रेसिंगचा अर्धा धडा त्यातच होऊन जातो. उलट्या दिशेने असं होत नाही: नुसता प्रेस शिकलेला संघ चेंडू जिंकतो, तिसऱ्या पासला गमावतो आणि पुन्हा धावतो. उत्तरार्धात पाय जड होतात ते यामुळेच.

गोलकीपर दोन्ही पायांनी खेळणारा असेल आणि क्लबचे वरिष्ठ वर्षभर कळ काढणार असतील, तर पासिंगपासून सुरू करा. बाकीच्यांनी, म्हणजे बहुतेकांनी, प्रेसिंगपासून. पण त्याला पहिल्या दिवसापासून एक नियम जोडा: चेंडू हिसकावला की गोल समोर मोकळा असल्याशिवाय पहिला पास पुढे नाही, गर्दीबाहेरच्या माणसाकडे.