प्रोजेक्टरवरचा व्हॅन गॉग की चौकटीतला?

पैसे आणि वेळ एकाच ठिकाणापुरते असतील आणि मूळ चित्रं बघायची सोय असेल, तर बेलाशक संग्रहालयात जा. तरीही ‘इमर्सिव्ह’ (प्रोजेक्टरने चित्रं भिंतींवर पसरवून माणसाला त्यांनी वेढणाऱ्या) प्रदर्शनाचं नाव काढताच नाकं मुरडणाऱ्यांची प्रत्येक तक्रार मला पटते असं नाही.

खरा फरक पृष्ठभागाचा. ‘स्टारी नाइट’ हे न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयातलं चित्र जेमतेम ७४ बाय ९२ सेंटिमीटरचं आहे. प्रदर्शनात तेच छतापासून जमिनीपर्यंत पसरतं, तारे गरगरतात, वर संगीत. पण ती गरगर व्हॅन गॉगने कुंचल्याच्या फटकाऱ्यांतूनच आणली होती. ॲनिमेशनने ती करून दाखवली की आपल्या डोळ्यांना कामच उरत नाही. शिवाय त्याचे रंगाचे थर जाड. मूळ चित्र जरा तिरकं उभं राहून पाहिलं की रंगाच्या उंचावलेल्या कडा दिसतात. प्रोजेक्टरच्या उजेडात त्या सपाट होतात. चित्रकार क्लिम्टच्या ‘द किस’चंही तेच. व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात आपण दोन पावलं सरकलो की त्यातल्या सोन्याच्या वर्खाची चमक बदलते. भिंतीवर तो नुसता पिवळा.

आता दुसरी बाजू. ‘मोनालिसा’ ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, काचेआड, आणि समोर फोन उंचावलेली गर्दी. अशा वेळी ‘मूळ चित्र पाहिलं’ म्हणण्यात कितपत अर्थ आहे? मूळ चित्रसुद्धा जसंच्या तसं राहिलेलं नसतं: ‘बेडरूम’मधल्या भिंती व्हॅन गॉगने फिकट जांभळ्या रंगवल्या होत्या, लाल रंग उडाल्याने त्या आज निळ्या दिसतात. आणि चित्राने माणसाला वेढणं हेही काही पाप नव्हे. चित्रकार मोनेने स्वतःच आपल्या कमळांच्या चित्रांसाठी पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयातली दोन लंबवर्तुळाकार दालनं योजली. ती १९२७ मध्ये खुली झाली. फक्त तिथे आकार, क्रम, उजेड हे सगळं चित्रकाराने ठरवलं. इमर्सिव्ह प्रदर्शनात ते चित्रकाराच्या माघारी दुसराच कुणी ठरवतो.

लहान मुलं बरोबर असतील, तर मात्र मी डिजिटलच निवडेन. जमिनीवर फतकल मारा, बडबडा, कुणी डोळे वटारत नाही. पॅरिसचं २०१८ मध्ये सुरू झालेलं ‘आतेलिये दे ल्युमिएर’ हे अशाच प्रदर्शनांचं ठिकाण जुन्या ओतकाम कारखान्यात आहे. ती वास्तूच बघण्याजोगी.

तिकीट काढताना तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा. व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला, त्याच्या चित्रांवर कॉपीराइट उरलेला नाही, त्यामुळे कुणीही प्रोजेक्टर लावून प्रदर्शन मांडू शकतो. २०२१ मध्ये अमेरिकेत मिळत्याजुळत्या नावांच्या कंपन्यांनी एकाच वेळी ते केलं आणि तिकीट घेणाऱ्यांचा चांगलाच गोंधळ उडाला. म्हणून आयोजकाचं नाव, नेमका पत्ता आणि खेळ किती मिनिटांचा, हे पैसे भरण्याआधीच वाचा.