ज्यानं मला चोर ओळखायला शिकवलं

फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत माझे ३६,००० रुपये गेले. ज्याला दिले त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही, आवाज मात्र पाच महिने जवळजवळ रोज ऐकला. ईव्ह ऑनलाइन खेळणारी मराठी माणसं थोडी आहेत, आणि थोडी आहेत म्हणूनच एकमेकांवर पटकन विश्वास टाकतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना थोडं सांगावं लागेल, नाहीतर फसवणूक कशी झाली ते कळणार नाही. आइसलंडच्या सीसीपी कंपनीनं २००३ च्या मे महिन्यात सुरू केलेला हा अवकाशातला खेळ. जगभरातले जवळपास सगळे खेळाडू एकाच विश्वात, एकाच सर्व्हरवर असतात. जहाजं, दारूगोळा, तळ, बहुतेक सगळं खेळाडूच बनवतात, विकतात आणि उडवतात. जहाज फुटलं की गेलं, परत मिळत नाही. आणि इथं दुसऱ्या खेळाडूला खेळातल्या खेळात गंडवणं नियमात बसतं. कुणी तुमच्याकडून खेळातला माल किंवा खेळातलं चलन, म्हणजे इस्क, लुबाडलं तर कंपनी परत देत नाही. सुरक्षित भागात विनाकारण गोळी झाडणाऱ्याला काँकॉर्डचे पोलीस उडवतात, पण खोटं बोलणाऱ्याला ते काही करत नाहीत.

त्यामुळे जिटा नावाच्या सूर्यमालेत गेलात, की खेळातला सगळ्यात मोठा बाजार आणि सगळ्यात मोठी ठगांची पेठ एकाच जागी दिसते. तिथल्या चॅटमध्ये दिवसरात्र ओळी धावत असतात: मला इस्क पाठवा, दुप्पट करून देतो. नवा माणूस एक कोटी पाठवून बघतो. खरंच दोन कोटी परत येतात. मग पाच कोटी पाठवतो, दहा येतात. मग असेल नसेल ते पाठवतो, आणि तिकडून उत्तर येत नाही. हा प्रकार नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या बाबतीत पुढे हेच झालं, फक्त इस्कच्या जागी रुपये होते.

मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करतो. रोज दुसऱ्यांची बिलं तपासतो. संध्याकाळी साडेचारला खेळाचा सर्व्हर रोजच्या देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो, मी घरी पोचेपर्यंत कधीच सुरू झालेला असतो. पण युरोपातली मंडळी जमतात ती आपल्याकडे रात्री साडेअकराच्या पुढे. म्हणजे खेळायचं तर झोप मोडायची. ऑक्टोबरपर्यंत मी एकटाच हिंडायचो, माल वाहायचो. माझ्या मालवाहू जहाजाचं नाव होतं 'राजगड'.

एका रात्री जिटात मला एक वाहतुकीचं कॉन्ट्रॅक्ट दिसलं. माल पोचवायचा, मोबदला सहा कोटी इस्क, तारण चाळीस कोटी. तारण म्हणजे माल पोचवला नाही तर बुडणारी रक्कम. माझ्याकडे सगळे मिळून त्रेचाळीस कोटी होते. मी चॅटमध्ये वाट विचारली, तेव्हा मला एक खासगी निरोप आला, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: "राजगडावरनं आलास काय भावा? थांब की. ते कॉन्ट्रॅक्ट घेऊ नको."

मग त्यानं समजावलं. माल जिथं पोचवायचा तो तळ खेळाडूनं बांधलेला आहे. मालकानं तिथं उतरायची परवानगी बंद ठेवलेली असते. तू जाशील, दाराबाहेर उभा राहशील, मुदत संपेल आणि तुझे चाळीस कोटी त्याचे. पेटीतला माल फुटक्या किमतीचा असतो, खरा धंदा तारणाचाच.

त्या रात्री मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पैसे वाचल्याचं होतंच. पण एवढ्या मोठ्या परक्या गर्दीत कुणीतरी आपल्या भाषेत आपल्याला हात धरून मागे ओढलं, याचं जास्त. तो म्हणाला मूळ सांगलीचा, आता जर्मनीत हॅम्बर्गला नोकरी. मी त्याला दादा म्हणायला लागलो. त्यानं मला त्याच्या कॉर्पमध्ये घेतलं. कॉर्प म्हणजे खेळाडूंची टोळी म्हणा, मंडळ म्हणा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर रोज बोलणं सुरू झालं. "जेवलास का?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर तो रोज विचारपूस करत होता.

आणि तो शिकवायचा. या खेळाच्या मुरलेल्या लोकांना जुन्या ठगीच्या कथा तोंडपाठ असतात, त्या अभिमानानं सांगितल्या जातात. २००५ ची गायडिंग हँड सोशल क्लबची कथा मी त्याच्याकडूनच ऐकली. एका कॉर्पमध्ये आपली माणसं घुसवून, तिथं वर्षभर विश्वासानं काम करून, मग एका दिवसात प्रमुख बाईचं जहाज उडवलं आणि गोदामं रिकामी केली. सुमारे तीस अब्ज इस्कचा माल होता. ईबँकची गोष्टही त्यानंच सांगितली. खेळाडूंनी खेळाडूंसाठी चालवलेली बँक, २००९ मध्ये तिच्या चालकानंच ठेवींतले सुमारे दोनशे अब्ज इस्क काढले आणि खऱ्या पैशांना विकून टाकले. साधारण ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. कंपनीनं त्याला खेळातून काढलं, पण ते ठेवीदारांना बुडवल्याबद्दल नाही. बुडवणं नियमात होतं. इस्क खऱ्या पैशांना विकले, हा गुन्हा.

हा फरक दादानं मला स्वतः, सावकाश, दोन वेळा समजावून सांगितला होता. म्हणूनच पुढे जे झालं ते मला अजून पचत नाही.

खेळात प्लेक्स नावाची वस्तू आहे. कंपनीकडून ती खऱ्या पैशांनी घेता येते, खेळात बाजारात विकता येते. ५०० प्लेक्स दिले की महिनाभराची ओमेगा मिळते, म्हणजे पूर्ण सभासदत्व. २०२२ मध्ये मासिक वर्गणी १५ वरून २० डॉलर झाली तेव्हा खेळाडू फार चिडले होते, आणि ती चीड अजून गेलेली नाही. आपल्याकडच्या पगारात ही रक्कम जाणवते. मी तोपर्यंत फुकटच्या अल्फा खात्यावरच काढत होतो. चांगली जहाजं, वरची कौशल्यं, सगळं बंद.

फेब्रुवारीत तो म्हणाला, "भावा, माझ्याकडं प्लेक्स पडून आहे. तुला निम्म्या भावात देतो. घरातल्या घरात आहे, कुणाला सांगू नको."

कुणाला सांगू नको, इथं मी थांबायला हवं होतं. प्लेक्स फक्त कंपनीकडून किंवा कंपनीनं नेमलेल्या विक्रेत्यांकडून घ्यायचं. खेळाडूला खरे पैसे देऊन घेतलं तर ते नियमाबाहेर, मग तो खेळाडू कितीही जवळचा असो. मला हे माहीत होतं. मी मनाची समजूत घातली की हा तर मित्र आहे, दुकानदार नाही.

१,२०० रुपये पाठवले. अर्ध्या तासात ५०० प्लेक्स आलं. पंधरा दिवसांनी २,८०० पाठवले, तेही प्लेक्स आलं. यूपीआयवर नाव वेगळंच दिसत होतं, उत्तरेकडच्या कुठल्याशा माणसाचं. मी विचारलं, तर म्हणाला, "मी हितं जर्मनीत, माझं यूपीआय चालत नाही. बायकोच्या भावाचं खातं आहे." सांगलीच्या माणसाचा मेहुणा उत्तरेकडचा असू शकतो, म्हणून मी पुढे विचारलं नाही. रोज शंभर बिलांवर नाव आणि खातं जुळतं का हे बघणारा माणूस मी.

मार्चमध्ये त्यानं सांगितलं की त्याला आइसलंडला, रेक्याविकच्या फॅनफेस्टला, म्हणजे या खेळाच्या मेळाव्याला जायचंय. दर वेळी जगभरातून खेळाडू तिथं जमतात, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं आवाजानं ओळख आहे त्यांना पहिल्यांदा भेटतात. बंदराजवळ खेळाडूंची नावं कोरलेलं स्मारक आहे. त्याचं वर्णन तो असं करायचा की आपणही एकदा जावं असं वाटायचं. तिकिटासाठी उरलेलं सगळं प्लेक्स काढून टाकतोय, एकदम घेतलंस तर दोन-अडीच वर्षांची चिंता मिटेल, म्हणाला. ३२,००० रुपये. मी शनिवारी रात्री एक वाजता पाठवले. "पोचले. सकाळी देतो, आता झोप," एवढं उत्तर आलं.

सकाळी आलं नाही. रविवारी तो दिसलाच नाही. सोमवारी डिस्कॉर्डवरचं त्याचं खातं नाहीसं झालं होतं.

मी चार दिवस कुणालाही काही सांगितलं नाही. बायकोला नाही, कॉर्पला नाही, बँकेला नाही. आधी वाटलं त्यालाच काही झालं असेल, आजारी असेल, अपघात झाला असेल. खरंच काळजी वाटत होती. नंतर लाज वाटायला लागली, आणि लाजेत आणखी दोन दिवस गेले. शुक्रवारी कंपनीचा मेल आला. बेकायदा व्यवहारातून आलेलं आधीचं प्लेक्स काढून घेतलं होतं. ते मी विकून वापरून बसलो होतो, त्यामुळे वॉलेट उणे झालं. खातंही काही दिवस बंद ठेवलं. म्हणजे सुरुवातीला जे 'खरं' मिळालं होतं तेही सरळ मार्गानं आलेलं नव्हतं. असा माल बऱ्याचदा चोरलेल्या कार्डांवर घेतलेला असतो. कुणा तिसऱ्याच माणसाचे पैसे मला आमिष म्हणून दाखवले गेले असतील, हा विचार आजही अस्वस्थ करतो. कंपनीच्या या निर्णयाबद्दल माझी काही तक्रार नाही. नियम मी मोडला होता.

कॉर्पमध्ये सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं सगळे हसतील. या खेळात फसलेल्याला हसायची रीत आहे, तुझं कॉन्ट्रॅक्ट तू का वाचलं नाहीस, हे उत्तर ठरलेलं. पण कुणी हसलं नाही. दोघातिघांनी स्पष्ट सांगितलं की प्लेक्स बाहेरून घेतलंस ही तुझी चूक, तुझ्यासारखे घेणारे आहेत म्हणून विकणारे आहेत. ते लागलं, पण खोटं नव्हतं. आमच्या प्रमुखानं, तो पोलंडचा आहे, सगळ्यांना उद्देशून लिहिलं की खेळात त्यानं आपली गोदामं लुटली असती तर मी त्याला सलाम केला असता, पण हा माणूस खेळाडू नाही. बाहेरच्यांना हा फरक विचित्र वाटेल. या खेळातले लोक तो फार गांभीर्यानं पाळतात. २०१२ मध्ये लिबियात बेंगाझीच्या अमेरिकी कचेरीवरच्या हल्ल्यात त्यांच्यातला शॉन स्मिथ मारला गेला, खेळात त्याला वाइल रॅट म्हणत. तेव्हा शत्रू गटांनीसुद्धा आपापल्या तळांना त्याची नावं दिली होती. खेळातलं वैर खेळात ठेवायचं आणि माणसाचं दुःख माणसाचं मानायचं, ही इथली खरी शिस्त आहे. माझ्या दादानं त्या शिस्तीची भाषा शिकून घेतली होती, एवढंच.

आमच्या कॉर्पमध्ये मग आणखी एक गोष्ट कळली. ब्राझीलच्या एका मुलाशी तो पोर्तुगीजमध्ये बोलायचा. त्याला त्यानं आपण पोर्तुगालला, पोर्तो शहरात राहतो असं सांगितलं होतं. एकच माणूस होता की एका खात्यामागे अनेक, मला माहीत नाही.

शेवटी बायकोनंच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम विचारली आणि पहिला प्रश्न हाच केला, एवढे दिवस का थांबलात? पैसे ज्या खात्यात जातात तिथून ते तासाभरात पुढे सरकतात. वेळेत कळवलं तर बँकांना ते अडवता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. माझ्या रकमेपैकी २,१४० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. बाकीचे कधीच पुढे गेले होते. बोलण्याचे स्क्रीनशॉट मी रागाच्या भरात काढून टाकले होते, ते तुम्ही काढू नका. आणि त्यानंतर महिनाभरात मला दोन निरोप आले, तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा. त्यांना माझा पत्ता कुठून लागला असेल, हे सांगायची गरज नाही.

बरेच जण विचारतात, त्याचं खेळातलं नाव सांग, आम्ही सावध राहू. मी ते सांगत नाही. ईव्हमध्ये पात्र दुसऱ्या खेळाडूला रीतसर विकता येतं, कंपनीच्याच व्यवस्थेतून. नाव तेच राहतं, माणूस बदलतो. गेल्या महिन्यात ते पात्र मला जिटात पुन्हा दिसलं. मी मराठीत लिहिलं, "जेवलास का?" त्यानं इंग्रजीत विचारलं, ही कुठली भाषा?